माळावर विमान उतरवणारे जॉन फ्लिन

शेताला रस्ता नसला की काय हाल होतात ते आपल्याला नव्याने सांगायला नको. रात्री-अपरात्री घरातलं माणूस आजारी पडलं की जीव टांगणीला लागतो. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात हीच गत होती. फक्त डॉक्टर शेकडो मैल लांब. त्यावर उपाय काढला जॉन फ्लिन यांनी.

फ्लिन यांचा जन्म १८८० साली व्हिक्टोरिया प्रांतातल्या मोलिआगुल इथे, शिक्षकाच्या घरी झाला. पुढे ते पाद्री झाले आणि १९१२ पासून दुर्गम भागातल्या मिशनचं काम पाहू लागले. ठिकठिकाणी त्यांनी परिचारिकांची छोटी रुग्णालयं उभी केली, पण डॉक्टरची अडचण सुटेना. क्लिफर्ड पील या तरुण सैनिकाने १९१७ साली त्यांना पत्र लिहून विमानाची कल्पना सुचवली. पील १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. फ्लिननी मात्र कल्पना सोडली नाही.

पैशासाठी त्यांना दहा वर्षं झगडावं लागलं. कापणी-मळणी यंत्रांचे कारखानदार ह्यू मॅकाय १९२६ साली वारले. त्यांनी मृत्युपत्रात या कामासाठी दोन हजार पौंड ठेवले होते. अखेर १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावाहून डॉक्टरचं पहिलं विमान उडालं. पहिल्या वर्षात सुमारे ५० फेऱ्या झाल्या आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले. १९२९ पासून आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायडल मारून चालणारा वायरलेस आला, त्यामुळे निरोपही धाडता येऊ लागला.

पण विमान उतरणार कुठे? इथे पशुपालकांनी हात दिला. आपल्याच कुरणात निचऱ्याची, टणक जागा निवडायची, झाडोरा आणि बुंधे काढायचे, खड्डे बुजवायचे. विमान यायच्या वेळी गुरं हाकलायची. रात्री दिवे लावायचे. एरवी जमीन त्यांच्याच ताब्यात. निगा थांबली की पट्टीवर पुन्हा गवत-झुडूप येतं आणि जागा चराईला मोकळी होते.

पिकासाठी अशी पट्टी मोडायची तर नुसती वरवर नांगरट पुरत नाही. चाकांनी दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत सबसॉयलरने खालचा थर फोडावा, शेणखत घालावं, पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. आपल्याकडच्या जुन्या खळ्याला किंवा मोडलेल्या गाडीवाटेलाही हीच रीत लागू पडते.

फ्लिन ५ मे १९५१ रोजी सिडनीत वारले. त्यांची रक्षा अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळ, त्याच दुर्गम मुलखात पुरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे, आणि डॉक्टरचं विमान आजही कुरणातल्या पट्ट्यांवर उतरतं. कल्पना फ्लिन यांची, पण जागा आणि मेहनत पशुपालकांची, म्हणून ते काम टिकलं. गावच्या कोणत्याही योजनेत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.