कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहातील पितृछत्र

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले जाते. आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान या चार दानांचा संस्कार जैन श्रावकाच्या घरात लहानपणापासूनच होत असतो. या चारही दानांचा संगम एका ठिकाणी पाहावयाचा असेल, तर तो विद्यार्थी वसतिगृहात दिसतो. तेथे मुलाला अन्न मिळते, आजारपणात शुश्रूषा मिळते, निर्भय आसरा मिळतो आणि विद्याही मिळते. मात्र हे सर्व केवळ चार भिंती व छप्पर उभे केल्याने साधत नाही. त्या भिंतींच्या आत मुलांसोबत राहणारे, त्यांच्या सुखदुःखाशी एकरूप झालेले वडीलधारे माणूस असावे लागते. महाराष्ट्राला हा धडा आपल्या आचरणातून देणारे थोर पुरुष म्हणजे पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी, आपल्या आजोळी झाला. त्यांचे घराणे दिगंबर जैन शेतकऱ्याचे. मूळ पुरुष कर्नाटकातील मूडबिद्रीकडून आलेले, पुढे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावलेले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते, तर मातोश्री गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यातील कुंभोजच्या परिसरात अहिंसा, अपरिग्रह आणि जीवमात्राविषयी करुणा यांचे बाळकडू त्यांना मिळाले.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. त्यांपैकी दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये भाऊरावांची राहण्याची व जेवणाची सोय झाली. बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. उच्चविद्याविभूषित, शिस्तप्रिय आणि दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक असलेले लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा विद्वान पुरुषाच्या नजरेखाली राहण्याचे भाग्य खेड्यातून आलेल्या मुलांना लाभले, ते केवळ बोर्डिंगमुळे. खेड्यातील मुलगा शहरात टिकतो तो कोणाच्या तरी आधाराने, हे भाऊरावांनी तेथेच अनुभवले.

परंतु याच बोर्डिंगमध्ये त्यांच्या आयुष्याला वळण देणारा कटू प्रसंगही घडला. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी स्नानास नकार दिला आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या काळच्या रूढींचा पगडा सर्वच समाजांवर होता व आपला समाजही त्यास अपवाद नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. व्यवस्थापकाने नियम पाळला, पण नियमापलीकडचा मुलगा त्याच्या हातून सुटला. शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेल्या या तरुणाने पुढे जी वसतिगृहे काढली, त्यांत जातीवरून वेगळी पंगत कधी बसली नाही.

या प्रसंगाचा उत्तरार्ध त्याहूनही उद्बोधक आहे. 1914 साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली. लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्यामुळे बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी मात्र खोटी साक्ष देण्यास ठाम नकार दिला. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला आणि जीव नकोसा व्हावा इतका छळ सोसला, पण सत्याणुव्रत सोडले नाही. क्षमा आणि सत्य ही दोन्ही व्रते एकाच वेळी कसास लागावीत, असे प्रसंग चरित्रांतून विरळाच आढळतात.

उपजीविकेसाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत खेड्यांतील अज्ञानाचे विदारक दर्शन त्यांना घडले. दुधगाव येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली गेली. 1924 साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास हलविण्यात आले व तेथील बोर्डिंग सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातींची मुले एका ओळीत बसून जेवतात, हे पाहून गांधीजी संतुष्ट झाले.

साताऱ्याच्या या बोर्डिंगचा खरा प्राण होता तो अण्णांचा कुटुंबवत्सल सहवास. मुले त्यांना अण्णा म्हणत. अण्णा दौऱ्यावर नसत तेव्हा मुलांतच वावरत आणि त्यांच्या अभ्यासाची व आजारपणाची विचारपूस करीत. मुलेही दळणकांडण, स्वयंपाक, झाडलोट आणि शेतीची कामे स्वतः करीत. वडीलधारे माणूस स्वतः श्रमत असल्याने मुलांना श्रमाची लाज वाटत नसे. पायात वहाण नसलेले, जाडाभरडा वेष केलेले अण्णा पाहिल्यावर अपरिग्रहाचा वेगळा पाठ द्यावा लागत नसे.

या यज्ञातील मोठी आहुती सौ. लक्ष्मीबाईंची आहे. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने मनाचा बंध हळूहळू मोकळा केला आणि सर्व जातींच्या लेकरांना आपल्या पदराखाली घेतले. बोर्डिंगमध्ये धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना बाजारात जाई. एके प्रसंगी, अण्णा गावी नसताना, मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी सौभाग्याचे लेणे असलेले मंगळसूत्रही काढून दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पोटच्या मुलांबरोबर बोर्डिंगमधील मुलेही पोरकी झाली. वसतिगृहात राहणारा पालक एकटा नसतो. त्याचे अवघे कुटुंब त्या व्रतात ओढले जाते, याची जाणीव लक्ष्मीबाईंच्या जीवनावरून होते.

पुढे हीच पद्धती अण्णांनी अध्यापक विद्यालय, माध्यमिक शाळा आणि महाविद्यालय यांपर्यंत नेली. 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका या योजनेमुळे गरीब शेतकऱ्याचा मुलगाही ताठ मानेने पदवीपर्यंत पोहोचू लागला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांत अध्यापकांनी विद्यार्थ्यांसोबत राहण्याची परंपरा अनेक शतकांची आहे. परंतु तेथील पुष्कळशा महाविद्यालयांमागे राजेरजवाड्यांच्या व धर्मसंस्थांच्या देणग्या होत्या, तर साताऱ्यात विद्यार्थ्यांचे श्रम आणि रयतेची मूठमूठ धान्याची मदत होती. याच बोर्डिंगमधून शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील इंग्लंडहून परतल्यावर अन्यत्र न जाता संस्थेत प्राचार्य झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. ज्याला बोर्डिंगने वाढविले त्याने पुढील पिढीच्या मुलांना वाढवावे, ही परंपरा अशा रीतीने रुजली.

जैन समाजातही याच मार्गाने चाललेली दुसरी थोर विभूती म्हणजे समंतभद्र महाराज. 1918 साली विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि 1934 साली कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुल सुरू करून त्यांनी धर्मशिक्षण व लौकिक शिक्षण यांचा मेळ घातला. कुंभोजच्या एका शिवारात जन्मलेले कर्मवीर आणि त्याच परिसरात गुरुकुल उभारणारे महाराज यांच्या वाटा निराळ्या होत्या, परंतु गुरूने शिष्यांसोबत राहावे हा दोघांचा आग्रह एकच होता.

26 जानेवारी 1959 रोजी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताबाने गौरविले. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. 9 मे 1959 रोजी पुणे येथे या कर्मयोग्याची प्राणज्योत मालवली. ज्यांची स्वतःची शाळा अर्धवट सुटली, त्यांच्या मागे महाराष्ट्रभर शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे उभी होती.

मराठवाड्यात निजामी राजवटीत 1948 पर्यंत माध्यमिक शाळा मोजक्याच होत्या. पूर्णाकाठच्या सिद्धेश्वरसारख्या गावातील मुलाला पुढे शिकावयाचे तर घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज शाळा गावोगाव आल्या, रस्ते झाले, तरी महाविद्यालयीन शिक्षणासाठी हिंगोली, परभणी, नांदेड वा औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट धरणारी आपली मुलेमुली कमी नाहीत. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन घराबाहेर पडणारे ते लेकरू परगावी कोणाच्या हवाली होते, हा प्रश्न प्रत्येक मातापित्याच्या मनात असतो. खोली भाड्याने मिळते, भोजनाचा डबा मिळतो. पण रात्री उशिरा परतलेल्या मुलाची वाट पाहणारे, परीक्षेत नापास झालेल्याच्या पाठीवर हात ठेवणारे माणूस मिळतेच असे नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाज नव्या वास्तूंचे संकल्प करीत असतो. त्या संकल्पांत एखादे वसतिगृह असेल, तर त्याच्या नकाशात अधीक्षकाचे घर प्रथम आखले जावे. त्या घरात राहण्यास एखादे सुविद्य, सेवाभावी दांपत्य पुढे यावे आणि समाजाने त्यांच्या योगक्षेमाची काळजी वाहावी. कर्मवीर भाऊराव व सौ. लक्ष्मीबाई यांचे खरे स्मरण त्यातच आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!