वृत्तपत्रांचा जागरूक वाचक

आमच्या इंझोरीसारख्या गावात वर्तमानपत्र एकाने मोठ्याने वाचायचे आणि चौघांनी ऐकायचे, ही रीत जुनी. छापून आले म्हणजे खरेच, अशी ऐकणाऱ्याची समजूत. छापील शब्दाचा हा दरारा आणि त्यातला धोका ज्यांनी फार लवकर ओळखला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना जाणतो. वृत्तपत्रांचे जागरूक वाचक म्हणून मात्र क्वचितच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे, लेखणी बाबासाहेबांची. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता! पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील पत्रांची झाडाझडती घेतली. बहुतेक पत्रे एकेका जातीचे हित पाहतात, इतरांची पर्वा करीत नाहीत, आणि प्रसंगी त्यांच्या अहिताचेही छापतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली आणि परिषदेला आलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुण्याच्या ‘भाला’सारख्या पत्रांनी दोष दिला तो मार खाणाऱ्यांनाच. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. विरोधी पत्रांचे मुद्दे नाव घेऊन, एकेक करून त्यात खोडले जात. पैसा नाही, मदतनीस नाही. चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत.

येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. टिळक व चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका करणाऱ्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर खटला झाला, तेव्हा १९२६ मध्ये जवळकर, जेधे प्रभृतींच्या बाजूने अपिलात उभे राहिले ते बाबासाहेबच. आणि आरोपी सुटले. विखारी लेखनाचा जाच सोसलेल्या माणसाने हे वकीलपत्र का घ्यावे? मला वाटते, शब्दाला उत्तर शब्दाने द्यावे, तुरुंगाने नव्हे, ही त्यांची भूमिका असावी. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

बातम्यांची कात्रणे हे त्यांचे शस्त्र होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने नाकारलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. त्यात जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील बातमी पुराव्यादाखल आहे. इंदूर भागातील बलाई लोकांनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे फर्मान सवर्णांनी काढले होते. बातमी साऱ्यांनी वाचली असेल. जपून ठेवली ती बाबासाहेबांनी.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये न्यायमूर्ती रानड्यांवर बोलतानाही पत्रकारितेचा व्यापार झाल्याबद्दल त्यांनी पत्रांना फटकारले. १९३० पासूनच्या ‘जनता’ पत्राचे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले.