तानसाचे नळ आणि वालचंदशेठ

तानसा आपल्या शहापूर तालुक्यातला. तिथून मुंबईला पाणी नेणारे नळ टाकण्याच्या कामात वालचंद हिराचंद होते, हे आपल्याला हिशेबाच्या तासाला कुणी सांगितलं नाही.

१८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंदशेठ कॉलेज अर्धवट सोडून, रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ठेकेदारीत उतरले. १९१९मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली, सिंदिया विकतही मागितली. तिने दाद दिली नाही. जन्मभर ताळेबंद तपासलेल्या मी तर विकण्याचाच सल्ला दिला असता! १९४८मध्ये विशाखापट्टणमला त्यांनी उभारलेल्या गोदीतून ‘जलउषा’ पाण्यात उतरलं. पाच वर्षांनी वालचंदशेठ गेले.