समुद्राचा धसका : विल्यम होप हॉजसन

धारप आणि मतकरी वाचून संपले की भयकथांचा नाद लागलेला माणूस इंग्रजीकडे वळतो आणि बहुतेक वेळा स्टीफन किंगपाशी थांबतो. मी थोडा पुढे, लव्हक्राफ्टपर्यंत गेलो. भयसाहित्यावरच्या त्याच्या लांबलचक निबंधात मला हॉजसन हे नाव भेटलं.

जन्म १८७७, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात. वडील पाद्री, घरात बारा भावंडं. तेराव्या वर्षी हा पठ्ठ्या जहाजावर जायला म्हणून घरातून पळाला आणि शेवटी अप्रेंटिस म्हणून समुद्रावर गेलाच. तिथे एका अधिकाऱ्याने त्याचा अतोनात छळ केला. (आपल्याकडचं रॅगिंग काहीच नाही!) हॉजसन बुटका, चेहऱ्याने नाजूक. मग त्याने एकच धरलं, शरीर कमवायचं. इतकं की १८९९ मध्ये जहाज सोडून त्याने ब्लॅकबर्न गावात स्वतःची व्यायामशाळाच काढली.

१९०२ च्या ऑक्टोबरमध्ये याच गावात जादूगार हुदिनीचा खेळ होता. कोणीही बांधा, सुटून दाखवतो, असं त्याचं आव्हान. हॉजसन स्वतःच्या बेड्या घेऊन स्टेजवर गेला आणि स्नायूंची पक्की माहिती असल्यामुळे हुदिनीला असा काही जखडला की सुटायला त्याला पावणेदोन तासांच्या आसपास लागले. बाहेर आला तो फाटक्या कपड्यांनी आणि प्रचंड चिडलेला.

व्यायामशाळा चालली नाही, म्हणून लेखन. 'द हाउस ऑन द बॉर्डरलँड' (१९०८) मध्ये आयर्लंडमधलं एकाकी घर, खालच्या खड्ड्यातून वर येणारे डुकरासारखे प्राणी, आणि मग काळ असा धावू लागतो की शेजारचा कुत्रा धूळ होतो, सूर्य विझत जातो. इथे भूत नाही, भीती आहे ती अफाट काळाची. ही मला फार अस्सल वाटली. 'द घोस्ट पायरेट्स' (१९०९) मध्ये जहाजावरचं काम, दोर, शिडं इतकी खरी की त्यात शिरणाऱ्या सावल्यांवर आपण निमूट विश्वास ठेवतो. कार्नाकी हा त्याचा भूत-डिटेक्टिव्ह तर चक्क व्हॅक्यूम ट्यूबचं विजेचं रिंगण करून बसतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी जरूर वाचावं.

'द नाइट लँड' (१९१२) मात्र जड काम. सूर्य विझलाय, उरलेली माणसं काही मैल उंच पिरॅमिडमध्ये राहतात, जमिनीतून येणाऱ्या ऊर्जेवर त्यांचं संरक्षण चालतं. दूरच्या दुसऱ्या पिरॅमिडची ती ऊर्जा संपत आलीये. कल्पना जबरदस्त! पण भाषा मुद्दाम जुनाट, संवाद जवळपास नाहीत, प्रेमप्रकरण पानंच्या पानं. मी बरीच पानं सरळ उलटली, आणि तसं करायला हरकत नाही असं माझं मत आहे.

१९१३ मध्ये लग्न झालं आणि तो फ्रान्समध्ये राहायला गेला. पुस्तकांची वाहवा झाली, पैसा मात्र बेताचाच. महायुद्ध सुरू होताच तो परतला. थर्ड मेटचं सर्टिफिकेट असूनही नौदल नको म्हणाला आणि तोफखान्यात गेला. समुद्राचा धसका त्याने असा शेवटपर्यंत सोडला नाही. १९१६ मध्ये घोड्यावरून पडून डोक्याला मार बसला, सैन्यातून सुट्टी मिळाली. बरा होऊन पुन्हा भरती झाला. एप्रिल १९१८ मध्ये बेल्जियममध्ये ईप्रजवळ तोफगोळा पडून गेला. वय चाळीस.

पुढे जवळजवळ विस्मरण. १९४६ मध्ये अमेरिकेच्या आर्कम हाउसने त्याच्या चारही कादंबऱ्या एका जाड ग्रंथात छापल्या, तेव्हा नव्या पिढीला तो सापडला. आता या कादंबऱ्या कॉपीराइटमुक्त असून नेटवर फुकट मिळतात. सुरुवात 'बॉर्डरलँड'ने करा, आकाराने लहान आहे, पीएलमध्येसुद्धा दोन रात्रींत उरकेल.