बाबासाहेबांचे परदेशी शिक्षण : किती लागले, कुणी दिले



दर 14 एप्रिलला आपल्या विहारात बाबासाहेबांच्या पदव्या वाचल्या जातात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे जातो. पण त्या पदव्यांना पैसा कुठून आला, कमी पडला तेव्हा काय झालं, हे कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी आपल्या वस्तीतल्या एका मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या घरात पहिला प्रश्न हाच निघाला : खर्च कोण करणार? मी गिरणी कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं पाळी संपल्यावर वाचलं. पण पगार महिनाअखेरपर्यंत कसा पुरवायचा हे मला कळतं. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या वेळी मी हिशेबाच्या वहीसारखे मांडतो.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झालेले, घर मोठे, पेन्शन तुटपुंजी. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना खर्च झेपेना. तेव्हा केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना 25 रुपये शिष्यवृत्ती दिली. बी.ए. होऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीस गेले, तोच 2 फेब्रुवारी 1913 रोजी वडील वारले. घरचा आधार गेला.

त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या वेळी एका पौंडाला 15 रुपये पडत, म्हणजे महिन्याला सुमारे 172 रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी वाटेल, पण न्यूयॉर्कला ती जेमतेम 56 डॉलर होत होती. त्यात राहायचं, जेवायचं, पुस्तकं घ्यायची आणि घरीही पैसे पाठवायचे. शिवाय करारावर सही करावी लागली : शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. फुकट काहीच नव्हते.

जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चैन नाही, नाटक-तमाशा नाही. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे 2000 पुस्तके जमवली. 1915 साली एम.ए. झाले. 1916 मध्ये लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. बुद्धी होती, प्रवेश होता, फक्त पैसा नव्हता. 1917 साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, एवढाच काय तो दिलासा.

परतताना पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. सामानाच्या भरपाईचे 600 रुपये आले, त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. करार पाळायला गेलेल्या एवढ्या शिकल्या माणसाला तिथे राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. अखेर नोकरी सोडून मुंबईला यावे लागले.

आता इथे खरा धडा आहे. बाबासाहेब रडत बसले नाहीत. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना 450 रुपये. एवढा पगार असूनही कुटुंब परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. रमाईंच्या हातात घरखर्चाची ठरावीक रक्कम, बाकी शिल्लक लंडनसाठी. त्यात राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी 5000 रुपये कर्जाऊ दिले. जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमधली उपासमार आपण ऐकलेली आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बोव्हरिलचा कप. दुपारचं जेवण नाहीच. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्री खोलीवर पुन्हा बोव्हरिल आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. पण आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. 1920 साली सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता. तो टिकला नाही. 1921 मध्ये एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. म्हणजे दोन शिलिंगाच्या भावाने 5000 रुपयांचे 500 पौंड झाले असते, तेच आता 333 सुद्धा होईनात. इकडून पैसे मागवायचे तर हाच भाव. आणि बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंध कशावर? रुपयाच्या प्रश्नावर! परदेशात रुपयावर जगणाऱ्याला तो प्रश्न काही पुस्तकातूनच कळला नसेल.

1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला आले, त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाला प्रबंध छापून प्रती द्याव्या लागत. तो ग्रंथ 1925 साली निघाला आणि पीएच.डी. 1927 साली हाती आली. बॅरिस्टर होऊन आले तरी वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते. तेही नवल भथेनांनीच दिले.

या वहीत एक पान कोरे आहे, ते माता रमाईंचे. नवरा सातासमुद्रापार, घरात खाणारी तोंडे आणि हातात पैसा नाही. गोवऱ्या थापून त्यांनी घर चालवले असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. पाच लेकरांपैकी एकटे यशवंत जगले. बाबासाहेबांना चिंता नको म्हणून रमाईंनी दुःख गिळले. त्या पदव्यांच्या खर्चातला हा हिस्सा कुठल्या पौंडात मोजणार?

बाबासाहेब हे विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी सरकारकडून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा पैसा मिळवला आणि मुलांना परदेशीही पाठवले. आपण उपाशी राहिलो, पुढच्याने राहू नये, ही त्यामागची कळकळ.

आज केंद्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. पण तिथवर पोचायला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचे पत्र, पासपोर्ट सगळं वेळेत लागतं. मंजुरीआधी अर्जाची फी, परीक्षेची फी खिशातून जाते. तिथेच आपली पोरं अडतात. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. लग्नात, बारशात जो खर्च करतो त्यातला थोडा विहाराच्या शिक्षण निधीत टाका. ज्यांना लिहिता-वाचता येतं त्यांनी रविवारी विहारात बसून मुलांचे फॉर्म भरून द्या. आणि घरात मुलगी परदेशी शिकायला जाते म्हणाली तर आधी नाही म्हणू नका, आधी वही घेऊन हिशेब मांडा. बाबासाहेबांना एक नवल भथेना भेटले. आपल्या पोरांसाठी आपणच तो व्हायचं.

जय भीम. नमो बुद्धाय.