टेकाडांतून बुद्धभूमी शोधणारे कनिंगहॅम

भगवान बुद्धांच्या पदस्पर्शाने पावन झालेली अनेक स्थळे शेकडो वर्षे मातीखाली गडप झाली होती. लोक त्यांना नुसती टेकाडे समजत आणि तेथील विटा घरांसाठी काढून नेत. या टेकाडांना त्यांची खरी नावे परत मिळवून देण्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडन येथे झाला. १८३३ साली ते कंपनी सरकारच्या फौजेत इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आले. ब्राह्मी लिपी उलगडणारे जेम्स प्रिन्सेप त्यांचे स्नेही होते. १८३५ च्या सुमारास कनिंगहॅमनी सारनाथचा धमेक स्तूप स्वखर्चाने खणला. तेथे मागे राहिलेल्या मूर्ती पुढे वरुणा नदीवरील पुलाच्या कामासाठी पात्रात टाकल्या गेल्या. असा तो काळ होता.

फाहियान व ह्यूएनत्संग या चिनी भिक्खूंची प्रवासवर्णने हाच कनिंगहॅमचा नकाशा. स्तूप कोणत्या नगरापासून, कोणत्या दिशेला, किती अंतरावर होता हे वाचून ते मैलांचा हिशेब करीत आणि स्वतः तेथे जात. टेकाडे मोजीत, नाणी व शिलालेख तपाशीत, गावकऱ्यांच्या तोंडची नावे टिपून घेत. १८४२ साली संकिसा त्यांनी असेच ओळखले. १८६१ साली सरकारने त्यांना पुरातत्त्व सर्वेक्षक नेमले. १८६३ साली सहेत येथे सापडलेल्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीवरील लेखात श्रावस्तीचे नाव निघाले आणि जेतवनाची जागा सांगता आली. कसिया म्हणजेच कुशीनगर, हेही त्यांनी मांडले. भरहुतचा स्तूप १८७३ साली त्यांना सापडला. गावकऱ्यांच्या हातून वाचलेले त्याचे शिल्पित दगड कलकत्त्याच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत.

त्यांच्या हातून उणिवाही राहिल्या. कपिलवस्तूची जागा त्यांनी चुकीची ठरविली. १८५१ साली मेसी यांच्यासह सांचीचे स्तूप वरून खोल खणले, त्याने वास्तूंची हानी झाली. तेथे मिळालेले सारिपुत्त व महामोग्गल्लान यांचे अस्थिधातू परदेशी गेले. ते परत येऊन १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाले.

भिलसाचे स्तूप, भरहुत, महाबोधी व भारताचा प्राचीन भूगोल यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडनला त्यांचे निधन झाले. आज एखादे कुटुंब मुलाबाळांसह श्रावस्तीला किंवा कुशीनगरला जाते, तेव्हा गाडीतून कोठे उतरावे हा प्रश्न त्याला पडत नाही. त्यामागे या माणसाची पायपीट आहे.