लक्ष्मणराव किर्लोस्कर

घाटापलीकडील बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी कै. लक्ष्मणरावांचा जन्म झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईस गेले. परंतु रंगांधत्व आड आले व ते यंत्ररेखनाकडे वळले. नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा बेळगावी परतून बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगर घडविला. पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो दोन वर्षे कोणी घेईना! नगरपालिकेने जागा सोडावयास लावल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळचा उजाड माळ दिला. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. वाडीत अस्पृश्यतेस त्यांनी थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्यांस पहाऱ्यावर नेमले. हे धाडस आम्हांस नांगराहूनही मोठे वाटते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.